उतरलेला गंधार

आजोबांची पेटी मे महिन्यात माळ्यावरून खाली काढली, तेव्हा भात्याच्या घड्या उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, पट्ट्यांखालचं चामडं कडक झालं होतं आणि दोन सूर मुके होते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वर समुद्राचा खारा वारा. पितळी सुरांवर हिरवट थर चढला होता. पंधरा वर्षं न वाजलेली पेटी याहून वेगळी काय असणार? गणपतीपर्यंत ती वाजती करतो, असं मी आजीला सांगून बसलो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी मोजमाप. भात्याला चिकटपट्टी लावून फोनवरच्या ट्यूनरसमोर एकेक पट्टी दाबली. आजोबा काळी एकमध्ये गायचे, म्हणून तो षड्ज शून्य धरला. पंचम जवळपास जागेवर होता. पण शुद्ध गंधार, धैवत आणि निषाद तिन्ही 12 ते 16 सेंट उतरलेले. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर ट्यूनरच्या हिशेबात शंभर सेंट, म्हणजे ही चूक लहान नव्हती. कामांच्या यादीत मी लिहिलं: 'सगळे सूर पुन्हा लावणे.'

पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांनी यादी वाचली, खर्जाचा षड्ज धरून त्यावर गंधार वाजवला आणि म्हणाले, "ही उतरलेली नाही रे. ही गंधार ट्यूनिंगची आहे. कुणीतरी कानाने लावलीय."

मग माझ्याही लक्षात आलं. गंज नेमके तेच तीन स्वर निवडून सगळ्या सप्तकांत सारखेच कसे उतरवेल? ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो. षड्ज 240 कंपनांचा असेल, तर त्याचा गंधार 302.4 येतो. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र 5:4 या प्रमाणातला, म्हणजे 300 कंपनांचा. फरक 14 सेंटचा. आजोबांच्या पेटीत होता तो नेमका हाच.

या 14 सेंटांवर महाराष्ट्रात एकेकाळी मोठा वाद झाला होता. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबाँ याने 1842 मध्ये घेतलं. पायाने भाता चालवायचं ते वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून वाजवता येईल असं केलं. शरीर बदललं, पण स्वर युरोपचेच राहिले. ते खटकलेल्यांपैकी एक होते सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने त्यांनी स्वरांची कंपनं मोजली आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवरचं पुस्तक छापलं. पुढे अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती हार्मोनियम घडली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जमलेल्या अनेक जाणकारांना तिचे स्वर पटले नाहीत. 1940 मध्ये तर आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली आणि ती तीन दशकं टिकली.

कोकणातल्या देवळांना या बंदीने काही फरक पडला नाही. एकादशी असो की सप्ताह, पेटीशिवाय भजन उभंच राहत नव्हतं. आजोबांनी देवलांचं पुस्तक पाहिलंही नसेल. पण त्यांच्या पेटीतला गंधार देवलांना पटला असता, असं मला वाटतं.

काकांनी सुरांची पाटी उलटी करून दाखवली. पितळेच्या जिभांवर खरवडल्याच्या खुणा होत्या, टोकाशीही आणि मुळाशीही. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. म्हणजे या पेटीचे सूर आधीही लावून घेतलेले होते. लाकडावर आत पेन्सिलीने दोन वेगवेगळ्या अक्षरांत दुरुस्तीच्या नोंदी होत्या. मी ज्याला मूळ समजत होतो, तीही कुणाची तरी दुरुस्तीच होती. प्रत्येक वेळी थोडं पितळ जातं, ते परत येत नाही. आमच्या कामात चुकलेला बदल मागे घेता येतो, इथे नाही.

तरी निर्णय सोपा नव्हता. गंधार ट्यूनिंग एकाच षड्जाला न्याय देतं, षड्ज हलवला की काही स्वर कानाला टोचतात. भजनी मंडळाचे आताचे बुवा पांढरी चारमध्ये गातात. समान भागांची पेटी कुणाच्याही गळ्याला चालते, म्हणून तर ती सगळीकडे गेली. आजोबांचा गंधार राखायचा, तर पेटी मंडळाच्या उपयोगाची राहत नव्हती.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "मंडळाकडे नवी आहे ना? मग हिला कशाला छळतोस?"

भाता नवा झाला, चामडं बदललं, दोन मुक्या सुरांच्या जागी पालिताण्याचे सूर बसले. काकांनी ते आधी खर्जावर धरून कानाने लावले, ट्यूनर नंतर. बाकीच्या सुरांवरचा थर मऊ ब्रशने काढला, पितळेला कानस लागली नाही.

गणपतीत पहिल्या आरतीआधी मी काळी एकचा षड्ज धरला आणि त्यावर गंधार ठेवला. ट्यूनरने लाल दाखवलं. आजी थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "भाता अजून कुरकुरतोय रे."