सातबाऱ्यातली चूक दाखवण्याची रीत

15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. तिच्या कलम 155 नुसार लेखनाची चूक दुरुस्त करता येते. तपासणीत अधिकाऱ्याच्या नजरेस आलेली चूक मात्र संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय बदलता येत नाही. चूक दाखवणे आणि ती बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे कायद्याने संगणकाच्या आधीच ठरवले होते.

हस्तलिखित सातबारे संगणकात चढवताना आकडे उलटसुलट झाले, नावे गळाली. त्यासाठी ई-फेरफार प्रणालीत विसंगती काढणारे ओडीसी अहवाल आले. एक विसंगती नेहमीची: गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही. इथे नुसते ‘चूक आहे’ म्हटल्याने तलाठ्याच्या हाती काही लागत नाही. एकूण 2 हेक्टर 40 आर, बेरीज 2 हेक्टर 38 आर, असे दोन्ही आकडे गट क्रमांकासह समोर आले, तर जुने दप्तर कुठे उघडायचे ते कळते. कोणता आकडा खरा, हे यंत्राने ठरवू नये; त्या 2 आरांवर कुणाचा तरी हक्क असतो.

नुसते ‘चूक आहे’ पुरत नाही, हा धडा प्रोग्रामरांच्या जगातही दिसतो. युनिक्सवरचा जुना ‘एड’ संपादक कोणत्याही चुकीला फक्त प्रश्नचिन्ह छापी. उलट कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने 1965 मध्ये विद्यार्थ्यांसाठी केलेला ‘वॉटफॉर’ हा फोर्ट्रानचा कंपायलर स्पष्ट संदेशांसाठी नावाजला गेला. पंचकार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट पाहणाऱ्याला मोघम संदेश म्हणजे वाया गेलेली फेरी. तालुक्याला खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याचेही तेच.

बेरीज जुळूनही एखाद्या भावाचे नाव राहिलेले असू शकते, आणि ते कोणताही अहवाल पकडत नाही. म्हणून 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले: संगणकीकृत सातबारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून हरकती घेतल्या गेल्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा त्यानंतर, 1 मे 2018 रोजी सुरू झाला.