पूर्वेच्या नद्या, पश्चिमेची वीज

पिंपरी-चिंचवडला तीन नद्या. उत्तरेच्या शिवेवर इंद्रायणी, तिच्या पलीकडे चाकणचा पट्टा. दक्षिणेला मुळा आणि शहराच्या मधून पवना. तिघींचं माहेर मावळ-मुळशीच्या घाटमाथ्यावर. तिथून कोकणकडा अगदी जवळ, कड्याखाली पाचेकशे मीटरचा उतार. तरी पाणी जातं पूर्वेला, पार बंगालच्या उपसागराकडे.

हे पाणी माथ्यावरच अडवून कड्यावरून खाली सोडलं आणि त्यावर वीज केली तर? ही कल्पना मुंबईतल्या डेव्हिड गॉसलिंगची. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशाच्या वाफेवर चालत. जमशेटजी टाटांनी ती कल्पना उचलून धरली. 1904मध्ये ते गेले आणि काम मुलांवर आलं. 1910मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. पाऊस चारच महिने, गिरण्या मात्र बारमाही. म्हणून आधी लोणावळ्याच्या आसपास वळवण, शिरवता असे तलाव बांधावे लागले. तिथलं पाणी नळांतून खोपोलीला उतरलं, पेल्टन चाकांच्या वाट्यांवर धार आदळली आणि 1915मध्ये वीज मुंबईला पोचली. पुढे ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरी (1922) आणि मुळशीच्या पाण्यावर भिरा (1927).

मुळशीचं धरण सुखासुखी झालं नाही. भातखाचरं बुडणार म्हणून 1921च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण झालंच. परदेशी सरकार आणि स्वदेशी भांडवल यांची इतकी सोयीची युती क्वचितच दिसली असेल.

पवनेची तऱ्हा वेगळी. तिचं सरकारी धरण स्वातंत्र्यानंतरचं, पाणी पूर्वेलाच सोडणारं. पायथ्याच्या वीजघराची क्षमता 10 मेगावॉट; टाटांच्या तिन्ही केंद्रांची मिळून 447. पण पवनेत वीज हा जोडधंदा. संचातून सुटलेलं पाणी नदीतूनच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे उपसलं जातं आणि शहराच्या नळांना जातं.

शहर फुगलं, पवना पुरेना, तशी मुळशीचं पाणी पूर्वेला वळवा ही मागणी जोर धरू लागली. मागणी रास्त आहे, पण शंभर वर्षांत त्या पाण्याला खालीही वाटेकरी झालेत. भिऱ्यात वीज करून ते कुंडलिकेत उतरतं, त्यावर रोह्याचे कारखाने चालतात. कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांचा दिवसही भिऱ्याने सकाळी पाणी सोडल्यावरच सुरू होतो.