भिवपुरीच्या घाटाखालची वाण्याची दुकाने

कर्जतजवळच्या भिवपुरीवरून कुसूर घाटाची जुनी वाट मावळात चढते. 1856 मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, 1863 मध्ये बोरघाटातून गाड्या धावू लागल्या आणि घाटवाटांवरचा माल कर्जत, नेरळ या स्थानकांकडे वळला. गावोगावच्या वाण्यांची भरणीही मग तेथूनच होऊ लागली.

हा मुलूख भाताचा असल्याने येथील शेतकरी दुकानात धान्य आणण्यासाठी एरवी क्वचितच जाई. उलट भात घालून तो मीठ, गूळ, मिरची आणि रॉकेल नेई. भात मोजले जाई ते मापाने, म्हणजे चार शेरांच्या पायलीने, तर गूळ तागडीत 80 तोळ्यांच्या, आजच्या सुमारे 933 ग्रॅमच्या, शेराने तोलला जाई. मापाच्या शेराच्या निम्मे ते मापटे आणि मापट्याच्या निम्मे ते चिपटे. मापाच्या काठावर उभा राहणारा दाण्यांचा ढीग म्हणजे शीग. माप शिगेचे धरायचे की काठाशी घासून सपाट करायचे आणि ते कोणाच्या हाताने भरायचे, यावर व्यवहारातील नफा-तोटा ठरत असे. तागडीत वजन डोळ्यांसमोर दिसे, शीग मात्र भरणाऱ्याच्या हातात असे.

दुकानाचा खरा कणा होता उधारीची चोपडी. आषाढ-श्रावणात घरचे भात संपले की शेतकरी, ठाकूर आणि कातकरी पोटापुरते धान्य उसने घेत, ज्याला खावटी म्हणत, आणि सुगीला ते सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट वा दीडपट, परत करावे लागे. भात महाग असताना घ्यायचे आणि स्वस्त असताना फेडायचे, हा या व्यवहाराचा गाभा होता. त्याच दुकानाने पावसाळ्यात अनेक चुली पेटत्या ठेवल्या हे खरे असले, तरी खळ्यावरचे भात घरी पोहोचण्याआधीच चोपडीत जमा होई, हा अन्याय लहान मानता येत नाही.

माथेरानचे भाई कोतवाल यांनी शेतकऱ्यांची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून धान्यकोठ्या उभारल्या, त्या याच दुखण्यावर. टाटांचे भिवपुरी वीजगृह 1922 मध्ये सुरू झाले होते; मुंबईला वीज नेणारे मनोरे 1942 च्या लढ्यात कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारी गटाने पाडले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर कोतवाल हुतात्मा झाले. इतिहासात मनोऱ्यांची हकीकत ठळक राहिली. धान्यकोठीचे काम तितकेच मोलाचे आहे.

पुढे 1957 मध्ये आणे जाऊन नवे पैसे आले, 1958 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमची वजने आली आणि शेर कायद्याने मागे पडला. गावातल्या खळ्यावर मात्र भाताचा हिशेब त्यानंतरही पायलीतच सांगितला जात राहिला.