न मागता उघडणारी फाईल: स्प्रेडशीटच्या एका सोयीचा इतिहास

एक्सेल सुरू केले की न मागितलेली कोरी फाईल समोर उभी राहते, ही तक्रार किरकोळ वाटते. फाईल बंद केली की काम भागते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर असते. या कोऱ्या फाईलमागे मात्र चार दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. प्रोग्रॅम सुरू होताना काय उघडावे हे कोणी ठरवायचे, वापरणाऱ्याने, प्रोग्रॅमने की तिसऱ्याच कोणी, हा त्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

पहिल्या टप्प्यात हा प्रश्न नव्हताच. 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क हे ॲपल टू संगणकासाठी बाजारात आले. ते सुरू होताच 63 स्तंभ आणि 254 ओळींचा रिकामा तक्ता समोर येई. हिशेबनीस जसा आखीव कागद पुढ्यात ओढतो, तशीच ही कृती होती. कोरे पान हेच कामाचे पहिले पाऊल असल्याने त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते.

जानेवारी 1983 मध्ये मिच केपोर आणि जोनाथन सॅक्स यांचे लोटस 1-2-3 आले आणि चित्र बदलले. त्यात एक खास तरतूद होती. ठरलेल्या डिरेक्टरीत ‘ऑटो123’ या नावाची फाईल ठेवली, तर प्रोग्रॅम सुरू होताच कोऱ्या तक्त्याऐवजी ती फाईल आपोआप उघडे. त्याच्या जोडीला आणखी एक सोय होती: विशिष्ट नाव दिलेला मॅक्रो, म्हणजे आज्ञांची नोंदवून ठेवलेली साखळी, फाईल उघडताक्षणी चालू होत असे. रोज तोच तक्ता भरणाऱ्या कर्मचाऱ्याला यामुळे फक्त संगणक सुरू करण्याचे काम उरले. फाईल आपणहून उघडते आणि उघडताच काही कृतीही करते, या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या. पुढील साऱ्या घडामोडींचे बीज या जोडीत आहे.

मायक्रोसॉफ्टचे एक्सेल 1985 मध्ये मॅकिंटॉशवर आणि 1987 मध्ये विंडोजवर आले. पुढे एक्सेलमध्ये ही सोय एका संपूर्ण फोल्डरला मिळाली. ‘एक्सएलस्टार्ट’ हे त्याचे नाव. या फोल्डरमध्ये ठेवलेली फाईल एक्सेल सुरू होताना उघडते. तिला वेगळी हाक मारावी लागत नाही. वापरणाऱ्याने स्वतः नोंदवलेले मॅक्रो कोणत्याही फाईलमध्ये वापरता यावेत म्हणून ‘पर्सनल’ नावाचे एक वर्कबुक याच फोल्डरमध्ये तयार होते. ते दरवेळी उघडते, परंतु पडद्याआड राहते. आपल्या संगणकावर अशी फाईल रोज उघडते, याची अनेकांना कल्पनाही नसते.

1993 च्या एक्सेल 5 मध्ये व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स ही पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा आली. मॅक्रो आता साधी साखळी राहिला नाही. तो फाईली शोधू शकत होता, तयार करू शकत होता आणि स्वतःची प्रतही काढू शकत होता. जुलै 1996 मध्ये याचा परिणाम उघड झाला. ‘लॅरू’ हा प्रत्यक्ष वापरातील संगणकांवर आढळलेला पहिला एक्सेल मॅक्रो व्हायरस. त्याची रचना अगदी लहान, दोन मॅक्रोंची होती. ‘ऑटो_ओपन’ हा पहिला मॅक्रो फाईल उघडताच चाले आणि दुसऱ्याला कामाला लावी. ‘चेक_फाईल्स’ हा दुसरा मॅक्रो स्टार्टअप फोल्डरमध्ये ‘पर्सनल’ नावाचे वर्कबुक आहे का, ते पाही. नसल्यास ते तयार करून त्यात स्वतःची प्रत ठेवी. त्यानंतर एक्सेल सुरू होताच व्हायरसही जागा होई आणि वापरात येणाऱ्या इतर फाईलींमध्ये उतरे.

लॅरूने आकडे पुसले नाहीत वा तक्ते बिघडवले नाहीत. त्याने कुलूपही तोडले नाही, कारण दाराला कुलूप नव्हतेच. एक्सेलने वापरणाऱ्यासाठी राखून ठेवलेली जागा, त्यासाठीच ठरवलेले नाव आणि आपोआप उघडण्याचा ठरलेला नियम यांचा त्याने जसाच्या तसा उपयोग केला. संगणक सुरक्षेच्या इतिहासात हा प्रसंग त्यामुळे बोलका ठरतो.

भारतात त्या वेळी संगणकाचा प्रसार वेग घेत होता. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली होती. तरीही बहुतेक फाईली फ्लॉपीवरूनच एका संगणकावरून दुसऱ्यावर जात. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंचा दुरुस्तीचा व्यवसाय याच दशकात क्विक हील या व्हायरसविरोधी प्रोग्रॅमकडे वळला. कायद्याने या प्रश्नाची दखल 2000 मध्ये घेतली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घुसवणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी ठेवण्यात आली. जानेवारी 2004 मध्ये सर्ट-इन ही संगणकीय आपत्तींना प्रतिसाद देणारी राष्ट्रीय यंत्रणा स्थापन झाली.

प्रोग्रॅममधील सुधारणा टप्प्याटप्प्याने झाल्या. एक्सेल 97 मध्ये मॅक्रो असलेली फाईल उघडताना इशारा येऊ लागला. एक्सेल 2007 ने फाईलींचे दोन वर्ग केले: ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारच्या फाईलमध्ये मॅक्रो राहूच शकत नाही, मॅक्रो हवा असेल तर ‘एक्सएलएसएम’ सारखा वेगळा प्रकार निवडावा लागतो. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो मुळातच रोखण्याचे धोरण अमलात आणले. फ्लॉपीच्या काळात ‘चालू दे’ हा नियम होता आणि ‘थांब’ हा अपवाद. आता तो क्रम उलटला.

तरीही एक दार उघडे राहिले. एक्सएलस्टार्ट हे फोल्डर आजही एक्सेलच्या ‘विश्वसनीय स्थानां’च्या यादीत मुळापासून असते. तेथील फाईलमधील मॅक्रोबद्दल एक्सेल इशारा देत नाही. म्हणूनच सायबर हल्ल्यांच्या पद्धतींची सूची ठेवणाऱ्या मायटर या अमेरिकी संस्थेने ऑफिस प्रोग्रॅमच्या सुरुवातीचा गैरवापर ही स्वतंत्र पद्धत म्हणून नोंदवली आहे. तिचा क्रमांक टी1137.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की नको असलेल्या कोऱ्या फाईलकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तिची कारणे साधारणपणे चार असतात. पहिले, एक्सेल सुरू होताना नवे वर्कबुक उघडण्याची मूळ सवय. एक्सेल 2013 पासून त्याऐवजी नमुने आणि अलीकडच्या फाईली दाखवणारा प्रारंभिक पडदा येतो. तो पर्यायांतून बंद केला की कोरे वर्कबुक परत येते. एक्सेलच्या शॉर्टकटमध्ये प्रोग्रॅमच्या नावापुढे तिरपी रेघ आणि ‘ई’ हे रोमन अक्षर जोडल्यास पडदाही येत नाही आणि कोरे वर्कबुकही उघडत नाही. दुसरे कारण, ‘पर्सनल’ वर्कबुक चुकून पडद्याआडून बाहेर आलेले असणे. त्यात फक्त मॅक्रो असल्याने ते कोरे दिसते. ‘व्ह्यू’ मधील ‘हाईड’ ने ते झाकावे आणि एक्सेल बंद करताना बदल जतन करावा. तिसरे, एक्सएलस्टार्टमध्ये राहून गेलेली एखादी जुनी फाईल. ती तेथून हलवावी. चौथे, पर्यायांच्या ‘ॲडव्हान्स्ड’ विभागातील, सुरुवातीला कोणत्या फोल्डरमधील सर्व फाईली उघडाव्यात हे सांगणारी चौकट. तेथे फोल्डरचे नाव राहिले असेल, तर त्यातील फाईलींची रांग रोज समोर येते. नेमके कारण हाती लागत नसेल, तर कंट्रोल कळ दाबून एक्सेल सुरू करावे आणि सुरक्षित अवस्थेचा पर्याय स्वीकारावा. या अवस्थेत स्टार्टअप फोल्डर बाजूला ठेवले जाते. तेव्हा फाईल आली नाही, तर तिचे मूळ तेथेच शोधावे.

फाईल कोठून आली हे कळण्याआधी तिला नुसते झाकून टाकणे मात्र शहाणपणाचे नाही. स्वतः कधीही मॅक्रो न नोंदवलेल्या व्यक्तीच्या संगणकावर ‘पर्सनल’ वर्कबुक आढळले, तर ते कोणी आणि कशासाठी ठेवले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सामायिक संगणक वापरणाऱ्या प्रयोगशाळांत आणि महाविद्यालयांत तर तो अधिकच महत्त्वाचा.

न मागितलेल्या मदतीची किंमत विज्ञानानेही मोजली आहे. मार्च1, सेप्ट1 अशी जनुकांची नावे एक्सेल तारखा समजून बदलत असे. 2020 मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने अशी नावेच बदलून मार्चएफ1, सेप्टिन1 अशी केली. आपोआप होणारे हे रूपांतर बंद करण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टने विंडोज व मॅकवर 2023 मध्ये दिला. प्रोग्रॅमची सवय बदलेपर्यंत जनुकांची नावे बदलून झाली होती.

सोय आणि ताबा यांची ही ओढाताण ऑटो123 पासून चालत आली आहे. वेळ वाचवणारी प्रत्येक आपोआप कृती कोणीतरी आधी घेतलेला निर्णय असते. तो निर्णय कोठे नोंदवलेला आहे आणि तो बदलायचा कसा, हे वापरणाऱ्याला ठाऊक असले, तरच ती सोय त्याची राहते.

#विज्ञानाचा_इतिहास #संगणक_सुरक्षा