नवापूरची बुसरा आणि बॅकअपचा प्रश्न

आजचा भाग कोंबड्यांवर आहे. हसू नका, इतिहासाचाच आहे.

देशी कोंबडी म्हटलं की हल्ली सगळे कडकनाथचं नाव घेतात. त्याच्या मांसाला 2018 मध्ये झाबुआच्या नावाने जीआय मिळाला, मागणी आहे, त्यामुळे त्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय बुसराबद्दल.

सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन फोटोत तरी पाहिलं असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. बुसराही तशीच. इकडे नवापूर आणि साक्री, तिकडे उच्छल, सोनगड. आदिवासी घरांच्या अंगणात वाढलेली ही कोंबडी. अंग बहुतेक पांढरं, मानेवर, पाठीवर नि शेपटीत काळी पिसं, खांद्यांवर तांबूस छटा. वजन किलोच्या आसपास, अंडी वर्षाला 40 ते 55.

आता दुसरी बाजू बघा. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे वर्षाला 300 च्या आसपास अंडी देणारी पांढरी संकरित कोंबडी देशभर पसरली. नवापूरलाही मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या. म्हणजे अंगणातली बुसरा आणि शेडमधले हजारो पक्षी एकाच तालुक्यात.

18 फेब्रुवारी 2006. नवापूरच्या मेलेल्या कोंबड्यांमध्ये एच5एन1 विषाणू असल्याचं जाहीर झालं. भारतातला बर्ड फ्लूचा हा पहिला उद्रेक. लगेच पलीकडे उच्छललाही तेच. बाधित ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या आतला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा, असा नियम. त्यात शेडमधला कोण आणि अंगणातला कोण हा भेद नव्हता. रोग आवरायला ते करावंच लागलं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण नंतर काय होतं बघा. शेडवाला हॅचरीतून नवी पिल्लं मागवतो. अंगणातल्या कोंबडीची हॅचरी म्हणजे शेजारणीची खुडूक कोंबडी, आणि तीही त्याच तीन किलोमीटरमध्ये. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापूरला पुन्हा तोच रोग, पुन्हा तीच कारवाई.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत बुसराची जात म्हणून नोंद आहे. पण माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर यादी म्हणजे नुसतं फाइलचं नाव. डेटा आणि बॅकअप दोन्ही एकाच खोलीत ठेवलेत, आणि त्या खोलीला दोनदा आग लागून गेलीय.

म्हणून हौशी माणसांचं काम मला महत्त्वाचं वाटतं. बोरिवलीत आमच्या सहाव्या मजल्यावर कोंबडा आरवला तर सोसायटी मलाच बाहेर काढेल. पण गोराई, मनोरीच्या गावठाणात अजून परसदारी खुराडी आहेत. वसई, पालघरकडे तर जागाच जागा.

फक्त एक गणित सांभाळा. बहुतेक जण एक कोंबडा आणि दहा कोंबड्या आणतात. सूत्र असं: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण पक्षी. म्हणजे 40 भागिले 11, साधारण 3.6. दिसायला अकरा पक्षी, आनुवंशिक हिशेबाने चारसुद्धा नाहीत! अशा कळपात दर पिढीला जवळच्या नात्यातलं प्रजनन सुमारे 14 टक्क्यांनी वाढतं. आता चार कोंबडे आणि आठ कोंबड्या ठेवा. पक्षी एकच वाढला, पण आकडा 10.7 वर जातो आणि ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं. कोंबडे भांडतात, तेव्हा चार कप्पे करावे लागतील. तो खर्च धरून चला.

'सुधारणा' हा शब्द मात्र जपून वापरा. अंडी वाढवायला ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा सोडला तर अंडी वाढतील, बुसरा उरणार नाही. जास्त अंड्यांच्या पक्ष्यांसाठी आपल्या गोरेगावला, आरेत केंद्र सरकारचं कुक्कुट केंद्र आहेच. तुम्ही बुसरातूनच निवडा. जी नीट खुडूक बसते, जिची पिल्लं घारीतून, मुंगसातून वाचतात, तिची अंडी आधी उबवायला ठेवा.

आणि हे एकट्याने करू नका. तीन ठिकाणी तीन कळप, दर वर्षी तरुण कोंबडे पुढच्या कळपात, नेहमी एकाच दिशेने. कोंबड्या जागच्या जागी. बाहेरून आलेला प्रत्येक पक्षी महिनाभर वेगळा ठेवायचा, नाहीतर नवापूर आपणच आपल्या अंगणात आणू. पिल्लांच्या पायात कळपाप्रमाणे रंगीत कडी घाला आणि नोंद वहीत ठेवा. एक्सेलही चालेल, पण त्याची कॉपी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असू द्या.