चाऊस : एका हुद्द्याची कुळकथा

चाऊस हे आडनाव मराठवाड्यात सर्रास ऐकू येते. शब्द मूळचा तुर्की. उस्मानी फौजेतल्या एका दुय्यम हुद्देदाराला चाऊश म्हणत. निजामाच्या मुलखात तो अरब शिपायाला चिकटला आणि शिपाईगिरी सुटली तरी आडनाव होऊन राहिला.

हे अरब बहुतांशी येमेनकडच्या हद्रमौतचे. मुलूख कोरडा, शेती बेताची. म्हणून पोटासाठी समुद्र ओलांडणे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. मराठे सरदार, गायकवाड, नागपूरकर भोसले, निजाम, सगळ्यांनाच गढी-किल्ल्यांच्या बंदोबस्तासाठी हे पायदळ हवे असे, आणि देशी प्याद्यापेक्षा त्याला पगारही जास्त मिळे.

नगरने त्यांचे लढणे जवळून पाहिले. ८ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्ली चालून आला, तेव्हा शिंद्यांच्या बाजूने पेठेचा तट अरबांनी धरला होता. तट उंच, पण आतून फांजी, म्हणजे उभे राहायची वाट, नाही. शिड्यांवरून वर पोचलेल्या गोऱ्या सोल्जरांना पाय टेकायला जागा मिळेना आणि बुरुजांवरून मारा चालूच. तट हातचा गेल्यावरही अरब घरांच्या आडोशाने झुंजत राहिले. चार दिवसांनी भुईकोट किल्ला पडला. या लढाईची आठवण निघते ती वेलस्लीच्या नावाने. परक्या शहरासाठी जिवावर उदार झालेल्या या माणसांचा उल्लेखही क्वचितच होतो, याचे मला वाईट वाटते.

पेशवाई बुडाली आणि त्यांचे धनीही गेले. जून १८१८ मध्ये महिनाभराच्या वेढ्यानंतर मालेगावच्या अरबांनी किल्ला सोडला. त्यांना सुरतेमार्गे अरबस्तानात धाडण्यात आले. उरला आसरा निजामाचा. नगर जिल्ह्याला लागून, गोदावरीपलीकडच्या पैठणला त्याचाच अंमल होता.

निजामाच्या राज्यात शिपायांचे जमादार सावकारही झाले. सरदारांना कर्ज द्यायचे आणि वसुलीला आपलीच माणसे उभी करायची. बदल्यात महसुलाचे मुलूख गहाण पडले आणि १८५३ साली दिवाण झालेल्या सालारजंगाला ते सोडवून घ्यावे लागले. यातल्याच उमर बिन अवद अल-कुऐती या जमादाराने हैदराबादेत कमावलेल्या पैशावर हद्रमौतमध्ये आपल्या घराण्याची सत्ता उभी केली. ती १९६७ पर्यंत टिकली. दख्खनचा रुपया किती लांब पोचला होता, हे यावरून कळावे.

सामान्य शिपाई मात्र इथलाच झाला. लग्न इथल्या मुलीशी, घरात बोली दखनी. अरबस्तानात जन्मला तो विलायती आणि इथे जन्मला तो मुवल्लद, असा भेद ते आपसांत करत.

सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर निजामाची बेकवायती फौज मोडली. काही अरबांना परत पाठवण्यात आले; जे राहिले त्यांच्यापुढे एकच सवाल होता, उद्या खायचे काय? बंदुकीखेरीज हातात कसब नव्हते. हैदराबादेत त्यांची वस्ती होती ते बारकस. ‘बॅरक्स’वरूनच हे नाव पडले. तिथली मंडळी पेरू-सीताफळांच्या बागांकडे आणि फळांच्या व्यापाराकडे वळली. फौजेच्या छावणीचा बाजार झाला, आणि वाढत्या शहराने त्याला पोटात घेतले.

१९७० नंतर आखातात तेलाचा पैसा खेळू लागला. चाऊसांची मुले पुन्हा समुद्रापार निघाली, या खेपेला भारतीय पासपोर्टवर, ड्रायव्हर, मेकॅनिक, पहारेकरी म्हणून.