एम्प्रेस मिल ते एम्प्रेस मॉल : सोनं गाडलेल्या जमिनीची गोष्ट

इतिहासाच्या व्याख्यानात मॉल कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. पण लग्नसराई आली की चंद्रपूर-गडचिरोलीची किती कुटुंबं खरेदीला नागपूरला जातात, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यातली काही एम्प्रेस मॉलमध्येही फिरून येतात. दुकानं, सिनेमा, खाणंपिणं आणि त्याच आवारात राहण्याच्या इमारती, असा तो सगळा पसारा. आज बोलायचं आहे ते त्याच्या नावाबद्दल आणि त्याच्या खालच्या जमिनीबद्दल.

१८७४ साली जमशेटजी टाटांनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. गिरण्या मुंबईत निघत होत्या, मग नागपूर का? तर कापूस इथला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली होती. आणि कोळसा? तो आपल्या वरोऱ्याला निघू लागला होता. म्हणजे या गोष्टीत आपला जिल्हा पहिल्यापासून आहे.

जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची, दलदलीची जागा टाटांनी घेतली. ती भरायलाच बराच पैसा लागणार होता. एका मारवाडी सावकारानं तेव्हा भांडवल द्यायला नकार दिला, असं सांगतात. हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय, असं त्याचं म्हणणं. पुढे नफा दिसल्यावर तोच म्हणाला की यानं माती टाकली आणि सोनं काढलं! १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव ठेवलं एम्प्रेस.

या गिरणीत कामगारांसाठी निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, अपघात भरपाई अशा सोयी आल्या. अपघात भरपाईचा कायदा देशात १९२३ चा आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ चा. त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणून नागपूरकरांसाठी मिलचा भोंगा हेच घड्याळ होतं, असं जुनी माणसं सांगतात, तेव्हा त्यात आपुलकी असते. १९८६ मध्ये गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, पुढे बंद पडली, आणि त्या जमिनीवर मॉल उभा राहिला.

मुंबईतही हेच झालं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ढासळल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात चकाचक बाजारपेठ आली. यात एक गंमत आहे. आधुनिक बंदिस्त मॉलचा जनक व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा. १९५६ मध्ये त्यानं अमेरिकेत साउथडेल उभारलं, ते गावाच्या चौकासारखं, लोकांनी भेटावं म्हणून. दुकानंच उरली, तेव्हा त्यानं स्वतःच या इमारतींशी नातं तोडलं.

चौक म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चैत्रात महाकालीची यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून माणसं येतात, झरपटीत अंघोळ करतात, उघड्यावर चूल मांडतात. बाजार, करमणूक, मुक्काम, देवदर्शन सगळं एका ठिकाणी. गडचिरोलीच्या आठवडी बाजारात मोहफुलं विकायला आलेली बाई सोयरिकीचंही बोलून जाते. तिथं दारावर कुणी झडती घेत नाही. खिशात पैसे नसले तरी बसता येतं.

मॉल वाईट, असं मी म्हणत नाही. नागपूरच्या उन्हात थंड जागा कुणाला नको? प्रश्न एवढाच, की ज्यांच्या घामावर ती जमीन सोन्याची झाली, त्यांचं तिथं काय उरलं? नाव उरलं, तेही राणीचं.

आपल्याकडच्या कोळशाच्या खाणीही कधीतरी संपतील. त्या जमिनीचं काय करायचं, हे तेव्हा कोण ठरवणार? गिरणीत, खाणीत राबलेलं माणूस घरात असेल, तर त्याचा पास, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा, आठवणी लिहून घ्या. उद्या हक्क सांगायची वेळ आली तर हेच कामी येईल.